नत्र : आडातले आणि पोहऱ्यातले



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की हा आता पगार, महागाईभत्ता आणि बोनस यांवर बोलणार, असे श्रोते गृहीत धरतात. आज मी नत्रावर बोलणार आहे. रसायनशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. रात्रशाळेत मिळाले ते, आणि पुढे रासायनिक कारखान्यांतल्या कामगारांबरोबर वावरताना ‘या पिंपात आहे तरी काय?’ असे विचारीत विचारीत जे वाचले ते, एवढीच माझी पुंजी. पण ज्या वस्तूशी आपली रोज गाठ पडते तिची ओळख करून घ्यायला पदवी नसणे आड येत नाही, अशी माझी समजूत आहे.

प्रथम एक हिशेब मांडू. हवेला वजन असते हे आपण शाळेत शिकलो आहोत. समुद्रसपाटीवर एका चौरस मीटर जागेवर हवेचा जो खांब उभा आहे त्याचे वजन सुमारे दहा टन भरते. या हवेत घनफळाने ७८ टक्के आणि वजनाने पंचाहत्तर टक्क्यांच्या वर नत्र आहे. म्हणजे समुद्रकाठच्या एका गुंठ्यावर साडेसातशे टनांहून अधिक आणि एका एकरावर तीस हजार टनांच्या आसपास नत्र तरंगते आहे. त्याच एकरात संकरित ज्वारी पेरली, तर तिला साऱ्या हंगामात नत्र लागते ते तीस-चाळीस किलो. आणि तेवढेही मिळाले नाही म्हणून ती ज्वारी खालच्या पानांपासून पिवळी पडत जाते.

माणसाचेही तसेच. आपण दिवसाकाठी सुमारे दहा हजार लिटर हवा आत घेतो आणि बाहेर सोडतो. त्या हवेबरोबर नऊ किलोंच्या आसपास नत्र छातीत जाते आणि जसेच्या तसे परत येते. साठ किलो वजनाच्या माणसाच्या शरीराला रोज हवे असते अवघे आठ ग्रॅम. नऊ किलो नाकावाटे येऊन जातात, आणि आठ ग्रॅमसाठी दोन वेळचे ताट वाढून घ्यावे लागते!

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, अशी आपल्याकडे म्हण आहे. नत्राच्या बाबतीत ती उलटी करावी लागते. आड काठोकाठ भरला आहे, पण पोहऱ्यात थेंब येत नाही. तेव्हा खरा प्रश्न शेंदण्याचा आहे. शेंदतो कोण? त्याची मेहनत कोण सोसतो? आणि शेंदलेले सांडले तर पाय कोणाचा घसरतो? या तीन प्रश्नांची उत्तरे आज आपण शोधू.

निर्जीव वायू

एडिंबरोच्या डॅनियल रदरफर्ड या तरुण वैद्याने १७७२ साली बंद भांड्यातली हवा तपासली. उंदराला जगवणारा आणि मेणबत्तीला जाळणारा भाग खर्ची पडला, उच्छ्वासातला वायूही शोषून घेतला, तरी पुष्कळ हवा शिल्लकच राहिली. त्या उरलेल्या हवेत ज्योत विझे आणि प्राणी गुदमरून मरे. पुढे फ्रान्सच्या लाव्हाझिएने या वायूला ‘अझोत’ म्हटले, म्हणजे ज्यात जीवन नाही तो. जर्मन भाषेत तर त्याचे नावच ‘गुदमरवणारा पदार्थ’ अशा अर्थाचे आहे. १७९० मध्ये शाप्ताल या फ्रेंच रसायनज्ञाने ‘नायट्रोजन’ हे नाव सुचवले. त्याचा अर्थ सोरा निर्माण करणारा.

हा वायू असा निर्विकार का? कारण नत्राचे दोन अणू एकमेकांना तीन हातांनी धरून बसलेले असतात. प्राणवायूचे अणू दोन हातांनी धरतात, हायड्रोजनचे एका. तीन हातांची ही पकड निसर्गातल्या सर्वांत बळकट पकडींपैकी एक आहे. ती सुटल्याखेरीज नत्र दुसऱ्या कोणाशी हातमिळवणी करीत नाही. म्हणून ते जळत नाही, गंजवत नाही आणि पचतही नाही. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर पुढची सारी हकीगत तिच्यातूनच उलगडत जाते.

आता गंमत पाहा. ज्याचे नाव ‘निर्जीव’ पडले त्याच्यावाचून एकही जीव घडत नाही. आपले स्नायू, कातडी, केस आणि अन्न पचवणारे रस ही सारी प्रथिनांची घडण आहे, आणि प्रथिनात वजनाने सुमारे सोळा टक्के नत्र असते. आईबापांचे गुण मुलांत नेणारी जी सूक्ष्म लिपी प्रत्येक पेशीत आहे, तिची अक्षरेसुद्धा नत्रयुक्त आहेत. पानाच्या हिरव्या द्रव्यात मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो, त्याला नत्राचे चार अणू चहूबाजूंनी धरून ठेवतात. आपल्या रक्ताच्या लाल द्रव्यात लोहाचा अणूही नत्राच्या अशाच चार अणूंच्या मधोमध बसलेला असतो. पानाचा हिरवा आणि रक्ताचा लाल, दोन्ही रंगांना खुंट्या नत्राच्याच. साठ किलोच्या माणसात सुमारे पावणेदोन किलो नत्र असते. मूठभर, म्हणजे तीसेक ग्रॅम तूरडाळीत सहा-सात ग्रॅम प्रथिने, म्हणजे एक ग्रॅम नत्र मिळते. वरणाच्या वाटीची थोरवी यात आहे.

पहिले शेंदणारे

ही तिहेरी पकड निसर्गात दोघेच सोडवतात. एक वीज. ती कडाडते तेव्हा तिच्या वाटेतली हवा हजारो अंशांपर्यंत तापते, नत्र आणि प्राणवायू यांचा संयोग होतो आणि त्याची आम्ले पावसाबरोबर जमिनीत उतरतात. साऱ्या पृथ्वीवर वर्षाकाठी विजेची ही कमाई पन्नास लाख टनांच्या आसपास धरतात. ऐकायला मोठी, पण सृष्टीच्या गरजेपुढे चिमूटभर.

दुसरे शेंदणारे डोळ्यांना न दिसणारे आहेत, आणि खरा भार त्यांनीच उचलला आहे. शेतकऱ्याला फार पूर्वीपासून ठाऊक होते की हरभऱ्याचा बेवड चांगला, ज्वारीत तुरीचे पाटे असावे, ताग पेरून फुलावर येताच जमिनीत गाडला की पुढचे पीक जोमदार येते. असे का, याचे उत्तर १८८६ साली हेल्रीगेल आणि विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी दिले. द्विदल झाडांच्या मुळांवर ज्या गाठी येतात त्यांत हवेतले नत्र बांधले जाते, हे त्यांनी सिद्ध केले. दोन वर्षांनी हॉलंडच्या बायेरिंकने त्या गाठींतला जिवाणू वेगळा काढून दाखवला. भाताच्या खाचरात खत न घालताही वर्षानुवर्षे थोडेफार पीक येत राहते, त्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचा वाटा आहे, हे १९३९ साली दाखवणारा शास्त्रज्ञ आपल्या देशातला होता. त्यांचे नाव पी. के. डे. कोकणातल्या खाचरांनाही हेच शेवाळ नत्र पुरवते.

हरभऱ्याचे किंवा सोयाबीनचे रोप हलक्या हाताने उपटून पाहा. मुळावरची गाठ नखाने चिरली आणि आतून गुलाबी निघाली तर समजा, कारखाना चालू आहे. तो गुलाबी रंग आपल्या रक्तद्रव्याच्या भावंडाचा आहे. नत्र बांधणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, मोकळा प्राणवायू सोसत नाही, म्हणून हे द्रव्य त्याला बांधून मोजका मोजका सोडते. लोह आणि मॉलिब्डेनम या धातूंच्या कणांवर, तुमच्या-आमच्या अंगणातल्या उन्हात आणि साध्या दाबात तो जिवाणू तीन हातांची पकड सोडवतो. पण फुकट नाही. त्याला या कामासाठी साखर लागते, आणि ती रोप पुरवते. आमच्या भाषेत हा मजुरीचा करार आहे. सोयाबीनवरच्या प्रयोगांत असे दिसून आले आहे की, एखाद्या गाठीने काम थांबवले तर रोप तिचा प्राणवायूचा पुरवठा आवळते. उलट जमिनीत तयार नत्र भरपूर असले तर रोप गाठीच कमी धरते. बाहेरून आयता माल मिळत असताना घरचा कामगार कोण पोसणार? हा व्यवहार आपल्याला ओळखीचा आहे.

गाठीत नत्राचा अमोनिया होतो, रोप त्याची प्रथिने करते. रोप जनावर खाते, जनावराचे दूध आपण पितो. पाने गळतात, शेण पडते, प्राणी मरतात, आणि मातीतले दुसरे जिवाणू त्या सगळ्याचा पुन्हा अमोनिया करतात. गोठ्यात शिरल्यावर नाकाला जो झणका बसतो तो याचाच. आणखी निराळे जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात, आणि पिके ते मुळांनी उचलतात. शेवटी पाणथळ, कोंदट जमिनीत राहणारे काही जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेतात आणि उरलेले नत्र हवेत परत सोडून देतात. आडातले पाणी आडात! हे चक्र कोट्यवधी वर्षे फिरत आहे. त्यात कोणी मालक नव्हता आणि साठेबाजीही नव्हती.

इकीकेची शाळा

एकोणिसाव्या शतकात युरोपातली शहरे आणि गिरण्या वाढल्या, आणि जमिनीतून जाणारे नत्र जमिनीत परतेनासे झाले. धान्य शहरात, आणि शहराची घाण नदीत. मग तयार नत्राचा शोध सुरू झाला. पेरूच्या किनाऱ्यावरच्या बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे डोंगर होते. ते खणून जहाजांतून नेले. खणायला चीनमधून करारबंद मजूर आणले. ते सरत आले तेव्हा नजर वळली दक्षिण अमेरिकेच्या अटाकामा वाळवंटाकडे.

तिथे जमिनीत सोडियम नायट्रेटचे थर होते. तिथेच का? कारण नायट्रेट पाण्यात चटकन विरघळते, आणि अटाकामात पाऊस जवळजवळ पडतच नाही. जिथे पाऊस आहे तिथे असा साठा टिकायचा नाही. या थरांसाठी १८७९ ते १८८३ या काळात चिली, पेरू आणि बोलिव्हिया यांच्यात युद्ध झाले, आणि नायट्रेटचा मुलूख चिलीकडे आला. कंपन्यांत ब्रिटिश भांडवल मोठे होते. दगड फोडून आणायचे, मोठ्या कढयांत उकळायचे, नायट्रेट निथळून घ्यायचे, असे काम. मजुरी नाण्यांत मिळत नसे. कंपनीचे बिल्ले मिळत, आणि ते कंपनीच्याच दुकानात चालत.

डिसेंबर १९०७ मध्ये हे कामगार संप करून वाळवंटातून इकीके बंदरात उतरले. त्यांच्या मागण्यांचा कागद मी वाचला तेव्हा थक्क झालो. मजुरी खऱ्या चलनात, ठरल्या मोलाने द्या. कंपनीच्या दुकानाबाहेर तराजू आणि माप ठेवा, म्हणजे माल पारखून घेता येईल. उकळत्या कढयांवर लोखंडी जाळ्या बसवा, कारण माणसे त्यांत पडून भाजतात. आणि कामगारांच्या रात्रशाळेसाठी जागा द्या. ज्याने रात्रशाळेच्या बाकावर बसून अक्षरे गिरवली त्याला ही शेवटची मागणी वाचून काय वाटले असेल, ते सांगायला नको. संपकऱ्यांत चिलीचे, पेरूचे, बोलिव्हियाचे, सगळेच होते. ज्या तीन देशांनी याच मातीसाठी एकमेकांचे रक्त सांडले, त्यांचे मजूर एका शाळेत एकत्र उतरले होते. सान्ता मारिया असे त्या शाळेचे नाव. २१ डिसेंबरला लष्कराने त्यांना ती सोडण्याचा हुकूम दिला. ते हलले नाहीत. मशीनगन चालल्या. मृतांच्या आकड्यावर आजही वाद आहे. सरकारी आकडा शेकड्यांतला, कामगारांचा हजारांतला. त्या दिवसांत युरोपच्या गव्हाला जे खत पडत होते त्याचा मोठा भाग याच वाळवंटातून येत होता.

हवेतून भाकरी, हवेतून दारू

चिलीचे साठे अक्षय नाहीत, ही चिंता सर विल्यम क्रुक्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८९८ सालीच बोलून दाखवली होती. गहू खाणाऱ्या राष्ट्रांवर उपासमार यायची नसेल तर रसायनशास्त्राने हवेतले नत्र बांधले पाहिजे, असे त्याचे म्हणणे. १९०९ साली जर्मनीच्या फ्रिट्झ हेबरने प्रयोगशाळेत ते करून दाखवले. नत्र आणि हायड्रोजन हे दोन वायू प्रचंड दाबाखाली, चार-पाचशे अंश उष्णतेत, योग्य धातूवरून नेले की अमोनिया होतो. कार्ल बॉश या अभियंत्याने त्याचा कारखाना उभारला. त्याच्या सहकाऱ्यांनी हजारो मिश्रणे पारखून शेवटी लोहाचेच एक स्वस्त मिश्रण पक्के केले. ओप्पाउ येथे १९१३ साली उत्पादन सुरू झाले. जिवाणू अंगणातल्या उन्हात करतो तेच काम माणसाने वातावरणाच्या दोनशेपट दाबात केले.

एका वर्षात महायुद्ध पेटले. चिलीचे नायट्रेट जर्मनीला मिळेना, आणि खतासाठी उभा राहिलेला अमोनिया तोफेच्या दारूकडे वळला. दारूत नत्र का लागते? तीच तिहेरी पकड! नत्राचे अणू मोठ्या मेहनतीने वेगळे केलेले असतात. त्यांना पुन्हा एकमेकांचे हात धरायची संधी मिळाली की ते क्षणात धरतात, आणि वेगळे करताना खर्चलेली शक्ती एका दणक्यात बाहेर पडते. खत आणि स्फोटक सख्खी भावंडे आहेत ती अशी.

ओप्पाउच्या कामगारांनी याची किंमत मोजली. तिथल्या गुदामात खताचा ढीग दगडासारखा घट्ट बसे. तो मोकळा करायला सुरुंगाचे लहान बार लावायची रीतच पडली होती, आणि ते हजारो वेळा निभावले होते. २१ सप्टेंबर १९२१ ला निभावले नाही. पाचशेहून अधिक माणसे गेली. मुंबईकरांना १४ एप्रिल १९४४ सांगायला नको. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टायकिन जहाजावर कापसाच्या गाठी आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके एकत्र भरली होती. आग विझवायला गेलेले अग्निशामक दलाचे ६६ जवान परतले नाहीत. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरुत बंदरात पावणेतीन हजार टन अमोनियम नायट्रेट फुटले. ते वर्षानुवर्षे गुदामात पडून होते, आणि दोनशेहून अधिक लोक मेले. तिन्ही ठिकाणी नत्राने आपला स्वभाव पाळला. निष्काळजीपणा ठेवणाऱ्यांचा होता, आणि मेले जवळ उभे असलेले.

पण एक बाजू सांगून दुसरी लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. आज जगात दरवर्षी सुमारे १८ कोटी टन अमोनिया तयार होतो आणि त्याचा मोठा भाग खतात जातो. तो नसता तर आजच्या मानवजातीपैकी साधारण निम्म्यांच्या पानात अन्न पडले नसते, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. आपल्या देशात सिंद्रीचा सरकारी कारखाना १९५१ मध्ये सुरू झाला, ट्रॉम्बेचा १९६५ मध्ये, आणि अलिबागजवळच्या थळचा १९८० च्या दशकात. दुष्काळात परदेशी जहाजाची वाट पाहणारा देश स्वतःच्या धान्यावर उभा राहिला, त्यात नव्या बियाण्यांइतकाच आणि पाण्याइतकाच या कारखान्यांतल्या तीन पाळ्यांचा वाटा आहे. तो भाकरी मोडताना आठवावा.

सांडलेले नत्र

आता तिसरा प्रश्न. सांडले तर काय?

भारतात आज वर्षाला साडेतीन कोटी टनांहून अधिक युरिया वापरला जातो. ४५ किलोच्या एका गोणीत वीस किलोंच्या वर नत्र असते. पण शेतात पडलेल्या नत्रापैकी पुष्कळदा निम्मेही पिकाच्या मुखी लागत नाही. काही अमोनिया होऊन उडून जाते, काही नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली झिरपते. अटाकामात पाऊस नव्हता म्हणून नायट्रेट टिकले. आपल्याकडे पाऊस आहे म्हणून ते विहिरीत उतरते. मघाशी मी आडाची म्हण उलटी केली. आता ती शब्दशः खरी झाली आहे. नत्र खरोखरीच आडात गेले आहे! पिण्याच्या पाण्यात एका लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट नसावे, असे आपले मानक सांगते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशातले साधारण पाचव्या हिश्श्याइतके नमुने या मर्यादेपलीकडे होते, आणि महाराष्ट्रातले प्रमाण त्याहूनही मोठे, तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. असे पाणी वापरून केलेले वरचे दूध तान्ह्या मुलाला पाजले तर त्याचे रक्त प्राणवायू नेईनासे होते आणि बाळ निळे पडू लागते. पाणी उकळून हे नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने अधिक दाट होते.

आणखी काही नत्र मातीतून नायट्रस ऑक्साइड या वायूच्या रूपाने वर जाते. वजनाला वजन धरले तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे २७० पट पृथ्वी तापवतो.

शेतकऱ्याला अडाणी म्हणायची घाई कोणी करू नये. २०१० साली स्फुरद आणि पालाश यांच्या खतांवरचे सरकारी नियंत्रण सैल झाले, युरिया मात्र बांधीव दरात राहिला. दुसरी गोणी महाग आणि ही स्वस्त, मग हात कुठे जाईल? आणि युरिया टाकल्यावर चार दिवसांत पान काळेभोर हिरवे होते. डोळ्यांना पटणारा असा पुरावा दुसरे कोणते खत देते? २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या साऱ्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा झाला. त्याने जिवाणूंचे नायट्रेट करण्याचे काम मंदावते आणि गळती काहीशी कमी होते. पण लेपाने हिशेब सुटत नाही. मात्रा माती तपासून ठरवावी लागते, ती एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्यावी लागते, आणि मधल्या हंगामात द्विदलाचा बेवड ठेवावा लागतो. दहा किलो बियाण्याला पाव किलो जिवाणू-संवर्धक चोळले, तर फार थोड्या पैशांत लाखो कामगार कामाला लागतात. त्यांना ऊन लागते आणि साखर लागते. आयात केलेला वायू लागत नाही. आपला युरिया मात्र नैसर्गिक वायूवर होतो, आणि त्या वायूचा मोठा भाग परदेशातून येतो.

शेतकऱ्याला उपदेश करून आपण शहरातले लोक मोकळे होऊ, असेही नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात जेवढे नत्र रोज जाते तेवढेच रोज बाहेर पडते. सरासरी आठ ग्रॅम धरले, तर पाच लाख वस्तीच्या शहरातून रोज चार टन नत्र बाहेर पडते. युरियाच्या भाषेत, रोजच्या जवळजवळ दोनशे गोणी! सांडपाणी शुद्ध केले नाही तर त्या सरळ नदीत जातात. मग पात्रावर जलपर्णीचा गालिचा पसरतो, आणि आपण पुलावर उभे राहून नदी मेली म्हणून हळहळतो. नदीला आपण उपाशी मारलेली नाही. जरुरीपेक्षा जास्त खाऊ घालून मारली आहे.

टाकीतला माणूस

शेवटी एक गोष्ट सांगितल्यावाचून माझ्याने खाली बसवत नाही.

नत्र निर्विकार आहे म्हणून कारखान्यांत त्याचा मोठा उपयोग होतो. पेट घेणाऱ्या रसायनाची टाकी रिकामी केली की तिच्यात नत्र भरतात, म्हणजे ठिणगी पडली तरी आग लागत नाही. पण त्या टाकीत माणूस उतरला तर? आपल्याला वाटते, हवा कमी पडली की जीव घुसमटेल आणि आपण बाहेर पळू. असे होत नाही. घुसमट जाणवते ती मुख्यतः उच्छ्वासातला कार्बन डायॉक्साइड साठल्यामुळे. नत्रात श्वास घेताना तो नेहमीसारखा बाहेर पडत राहतो, म्हणून शरीर इशाराच देत नाही. वास नाही, रंग नाही, खोकला नाही. निव्वळ नत्राचे एक-दोन श्वास, आणि माणूस कोसळतो. अमेरिकेत १९९२ ते २००२ या काळात अशा अपघातांत ८० माणसे मेल्याची नोंद तिथल्या सरकारी तपास मंडळाने केली आहे.

एका औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात असा प्रसंग घडला तेव्हा मी तिथे गेलो होतो. टाकी धुवायला कंत्राटी कामगार उतरला तो परत वर आला नाही. त्याला काढायला दुसरा उतरला, तोही तिथेच राहिला. टाकीबाहेर दोघांच्या चपला शेजारी शेजारी होत्या. आत हवा आहे की नाही हे दाखवणारे यंत्र कारखान्याच्या कपाटात, कुलपात होते.

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३६ व्या कलमात हे सारे लिहिलेले होते. जाणकाराने तपासून लेखी दाखला द्यावा, नाहीतर श्वसनाचे साधन आणि दोर बांधलेला पट्टा असल्याशिवाय माणूस टाकीत जाऊ नये. पुढे कायद्यांची नावे आणि कलमे बदलली. टाकीतली हवा बदलली नाही. आपल्या घरातला, शेजारचा कोणी अशा कामावर जात असेल, तर त्याला आज रात्री एवढे सांगा : हवा मोजल्यावाचून आत उतरायचे नाही, आणि आत पडलेल्या माणसामागे नुसत्या मायेने उडी घ्यायची नाही. दोर आणि नळी लावूनच जायचे. इकीकेच्या कामगारांनी कढईवर जाळी मागितली होती. आमचे यंत्र कपाटात होते. शंभर वर्षांत मागणी तीच राहिली आहे.

बंधुभगिनींनो, नत्राला तोटा नाही, आणि पुढेही होणार नाही. तोटा पडतो तो मोजमापाला. शेतात किती घातले, नदीत किती गेले, टाकीत किती आहे, हे मोजले तर हाच वायू कणसात दाणा भरतो. मोजले नाही तर विहीर नासवतो आणि माणूस आडवा करतो. शिवाय मोजायचे साधन मोजणाऱ्याच्या हाती हवे. तराजू दुकानाबाहेर ठेवा, असे ते चिलीचे मजूर म्हणत होते ते याचसाठी.